तळ्याला हात लावण्याआधी

आमच्या तळ्याची पहिली सामूहिक सफाई अकरा वर्षांपूर्वी झाली. साठेक माणसं आली होती. कोयते, दोर, दाताळी, सगळं जमवलं होतं. दुपारी बारापर्यंत उत्तरेकडची पाणकणसाची अख्खी पट्टी आम्ही मुळासकट उपटून काठावर रचली आणि मोकळं पाणी बघून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मी परत गेले, तेव्हा टिबुकलीची जोडी त्या मोकळ्या पाण्यात एकाच जागी फेऱ्या मारत होती. टिबुकली जमिनीवर घरटं करत नाही. पाणवनस्पतींचा तरंगता ढीग रचते आणि तो उभ्या देठांना अडकवून ठेवते. तो ढीग आम्ही सकाळी काठावर ओढला होता. अंडी त्यातच होती.

पुढच्या रविवारी नऊ जण आले. त्याच्या पुढच्या रविवारी तीन.

घरटं गेलं आणि माणसंही गेली, आणि दोन्हीचं मूळ एकच होतं असं मला आता वाटतं. त्या तळ्याची आमच्यापैकी कुणालाच ओळख नव्हती. ओळख नसलेल्या जागी माणूस एकदा घाम गाळतो आणि घरी जातो. त्यानंतर आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली, आणि आज दर शनिवारी काठावर पंधरा-वीस माणसं असतात. ते कसं झालं, आणि तुमच्या जवळच्या तळ्यावर ते कसं करता येईल, ते सांगते. मी शाळेत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, म्हणून काही सवयी तिथल्या आहेत. पण यातल्या कशालाही विज्ञान शिकलेलं असावं लागत नाही.

पहिलं वर्ष नुसतं बघा

एक जागा ठरवा आणि एक वेळ ठरवा. आमची जागा म्हणजे पूर्वेच्या पायऱ्या, वेळ शनिवारी सकाळी सात, मुक्काम अर्धा तास. पाऊस असो, थंडी असो, कुणी येवो न येवो, तुम्ही तिथे असलं पाहिजे. सुरुवातीला आम्ही दोघीच असायचो. वेळ पक्की असली की रोज फेरी मारणाऱ्या माणसांना तुमची सवय होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी थांबून विचारतं, "काय लिहिताय?" वही त्यांच्या हातात द्या. आमच्या गटातली निम्मी माणसं त्या एका प्रश्नातून आली आहेत.

वहीत काय लिहायचं? पाण्याची पातळी (पायरीवर किंवा खांबावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण करून घ्या), पाण्याचा रंग, वास, दिसलेले पक्षी आणि त्यांची संख्या, आणि काठावर कोण काय करत होतं. हे शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत. ते लिहाच. गळ टाकून बसणारे, पळणारे, बाकावर वाचणारे, रात्रीची पाळी संपवून घरी जाताना थांबणारा पहारेकरी, ही सगळी त्या तळ्याची माणसं आहेत. कुणाशी बोलायचं हे त्या नोंदींतूनच कळतं.

पहिल्या वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र पावसात करायचं आहे. मोठा पाऊस सुरू असताना छत्री घेऊन तळ्याभोवती फिरा आणि पाणी कुठून येतंय ते बघा. कोरड्या दिवशी दिसणारं तळं अर्धंच असतं. त्याचं दुसरं अर्धं भोवतालच्या रस्त्यांवर, गच्च्यांवर आणि वाहनतळांवर पसरलेलं असतं. आम्हाला सात नळ सापडले, त्यातले तीन झाडोऱ्यामागे होते. एका नळातून पाऊस नसतानाही फेसाळ पाणी येत होतं. त्या फेसामागे आम्ही उलट चालत गेलो आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या एका इमारतीपाशी पोचलो. तिथे कपडे धुण्याचं पाणी चुकून पावसाळी गटारात जोडलं गेलं होतं. भांडण न करता नकाशा दाखवला. त्यांना ते माहीतच नव्हतं. महिन्याभरात जोडणी बदलली, आणि त्या इमारतीतल्या दोन बहिणी आता आमच्याबरोबर पक्षी मोजतात.

म्हणून नकाशा काढताना तळ्याची कडा हीच सीमा धरू नका. जिथलं पाणी तळ्यात येतं, तिथपर्यंत तुमचा परिसर.

पाण्याचा गढूळपणा मोजायची तबकडी

लोकांना एखादं काम हातात दिलं की ते टिकतात, आणि मोजमाप हे फार चांगलं काम आहे. सगळ्यात सोपं साधन म्हणजे सेक्की तबकडी. अँजेलो सेक्की हे इटलीतले खगोलशास्त्रज्ञ आणि जेझुइट धर्मगुरू. १८६५ मध्ये त्यांनी पोपच्या नौदलाच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाणी किती खोलवर पारदर्शक आहे ते मोजलं. आज गोड्या पाण्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी वापरतात, चार भाग करून आळीपाळीने काळी-पांढरी रंगवलेली.

घरी करता येते. प्लास्टिकच्या डब्याचं जाड झाकण घ्या, ऑइलपेंटने रंगवा, मधोमध भोक पाडून खाली वजन बांधा आणि न ताणणाऱ्या दोरीवर दर पाच सेंटिमीटरला खूण करा. सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा. दिसेनाशी झाली की खोली लिहा. आणखी थोडी खाली सोडून हळूहळू वर घ्या, पुन्हा दिसली की ती खोली लिहा. दोन्हींची सरासरी हा तुमचा आकडा. दर वेळी तीच जागा आणि शक्यतो तीच वेळ ठेवा. सूर्य वर असताना आकडा जास्त भरवशाचा येतो, म्हणून आम्ही यासाठी महिन्यातून एकदा दुपारी जमतो. तबकडी तळाला टेकूनही दिसत असेल तर "तळ दिसतो" एवढंच लिहा.

आकडा घसरला तर आधी रंग बघा. तपकिरी असेल तर बहुधा माती, म्हणजे कुठेतरी खोदकाम चालू आहे किंवा काठ ढासळतोय. हिरवा असेल तर सूक्ष्म शेवाळ, म्हणजे पाण्याला खत मिळतंय. आणि इथे फॉस्फरसची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती ऐकल्यावर लोकांचं बोलणं बदलतं. १९७३ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी '२२६ क्रमांकाच्या' तलावाच्या चिंचोळ्या मध्यावर प्लास्टिकचा पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या भागात या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरस असलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा तसा झाला नाही. मी हे सांगताना कागदावर तलाव काढते आणि मधोमध रेघ मारते. त्यानंतर साबणाचं पाणी, बागेतलं जादा खत, पक्ष्यांना म्हणून टाकलेला पाव, कुत्र्यांची विष्ठा, या सगळ्याकडे बघायची नजर वेगळी होते. पाव टाकू नका असं पाटीवर लिहून कुणी ऐकत नाही. पावाचं पुढे काय होतं ते दाखवलं की ऐकतात.

पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. आणि रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. हिरव्या तळ्यात उकाड्याचे ढगाळ दिवस लागोपाठ आले आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसले, तर ती हाक समजा. त्या दिवशी पाण्यात काहीही टाकू देऊ नका. कारंजं असेल तर रात्रीही चालू ठेवायला सांगा. आमच्याकडे हे पहिल्यांदा पाहिलं ते गळ टाकणाऱ्या काकांनी, आणि त्यांनी फोन केला म्हणून कारंजं वेळेवर सुरू झालं. ते आधी आम्हाला टाळायचे. त्यांना वाटायचं, आम्ही त्यांना हाकलायला आलोय. तळ्याचा तळ कुठे किती खोल आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून खोलीचा नकाशा आम्ही त्यांच्याकडून काढून घेतला.

मुलांना पांढरा ट्रे द्या

मुलांना तळ्यावर नेऊन भाषण देऊ नका. एक पांढरा उथळ ट्रे, एक बारीक जाळी, एक भिंग, बस. ट्रेमध्ये आधी तळ्याचं स्वच्छ पाणी घ्या. मग काठावरच्या वनस्पतींमधून जाळी इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, ट्रेमध्ये उलटी करा आणि दोन मिनिटं गप्प बसा. सुरुवातीला नुसता काळा गाळ दिसतो. मग गाळ हलायला लागतो. मी शेकडो वेळा हे केलं आहे, आणि त्या दोन मिनिटांनंतरचा मुलांचा आवाज मला अजून नवा वाटतो.

चतुराचं पिल्लू सापडलं तर ट्रे बाजूला घेऊन नीट बघू द्या. त्याचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटकन पुढे येतो आणि टोकाच्या आकड्यांनी पकडतो. घाबरलं की शेपटीच्या टोकातून पाण्याची पिचकारी सोडून ते पुढे झेपावतं. लाल, वळवळणाऱ्या अळ्या खूप असतील तर मुलांना विचारा, लाल का? त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही त्या तगतात. ट्रेमध्ये फक्त याच अळ्या असतील आणि दुसरं काहीच नसेल, तर तळाची परिस्थिती चांगली नाही.

यातलं माझं सगळ्यात आवडतं काम जाळीशिवायचं आहे. उन्हाळ्याच्या सकाळी पाणकणसाच्या देठांवर चतुरांची कात शोधा. पिल्लू पाण्यातून देठावर चढतं, पाठ उकलते आणि पंखांचा चतुर बाहेर पडतो. रिकामं टरफल तिथेच चिकटून राहतं. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. कात म्हणजे तो इथेच, याच पाण्यात वाढल्याचा पुरावा. दहा मीटर काठ ठरवून घ्या आणि दर आठवड्याला काती मोजून काढून ठेवा. आमच्याकडे एका मुलीने हे काम आठव्या वर्षी घेतलं, ती आता सोळा वर्षांची आहे. तिच्या वह्यांसारखी नोंद आमच्या तळ्याची दुसरी नाही.

नियम मोजकेच ठेवा: दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस, गुडघ्याच्या वर पाण्यात कुणी नाही, जखम झाकलेली, नंतर साबणाने हात, आणि पकडलेला प्रत्येक जीव त्याच जागी परत.

डासांबद्दल तक्रार आली तर

येणारच. आणि ती करणारं माणूस शत्रू नव्हे, त्याच्या घरात कुणी तापाने पडलेलं असू शकतं. "तळ्यामुळे डास होत नाहीत" असं ठोकून देऊ नका. तक्रार करणाऱ्यांना बरोबर घ्या आणि बघा.

लांब काठीला पांढरा मग बांधा. काठाने चालत ठिकठिकाणी हलकेच बुडवून पाणी घ्या आणि अळ्या मोजा. आमच्याकडे तळमजल्यावरच्या एक आजी फार संतापून आल्या होत्या. त्यांच्याबरोबर चाळीस ठिकाणी मग बुडवला. खुल्या पाण्यात आणि झाडोऱ्यात मिळून दोन अळ्या मिळाल्या, कारण तिथे मासे, चतुराची पिल्लं आणि निवळ्या त्या खातात. पण दक्षिणेच्या कोपऱ्यात कचरा अडकून राहिला होता. तिथल्या प्लास्टिकच्या पेल्यांमध्ये आणि एका टायरमध्ये त्या खच्चून भरल्या होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुळात अशाच लहान भांड्यांत साठलेल्या पाण्यात वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मग आम्ही आजींच्या इमारतीच्या गच्चीवरही गेलो, आणि तिथल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांमध्येही अळ्या होत्या. तो कोपरा दर आठवड्याला साफ करायचं काम आता त्यांच्या इमारतीकडे आहे, आणि पातळीची वही आजींकडे. एक दिवस चुकत नाहीत.

या भीतीपोटी कुणी गॅम्बुसिया मासे सोडायला निघालं तर थांबवा. हा उत्तर अमेरिकेतला मासा 'डासमासा' म्हणून जगभर नेला गेला, पण तो बेडकांची पिल्लं आणि इतर जलकीटकही खातो, म्हणजे डासांच्या शत्रूंवरच उठतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत तो आहे. त्याच यादीत जलपर्णी आहे, आणि घरी पाळून कंटाळा आला की लोक तळ्यात सोडतात ते लाल कानपट्टीचं कासवही. कासव सोडणारे बहुतेक वेळा दयेपोटी सोडतात. त्यांना रागावू नका, पर्याय द्या. आम्ही काठावर फळा लावून लिहिलं, "पाळीव प्राणी सांभाळणं जमत नसेल तर शनिवारी सातला आम्हाला भेटा, घर शोधू." त्यानंतर सोडलेलं कासव आम्हाला क्वचितच दिसलं.

आता हात लावा, पण थोडा

वर्षभराच्या नोंदी झाल्या की काय करायचं ते बहुतेक तळंच सांगतं. जागेची मालकी ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी आधी घ्या.

पाणकणीस कापायचं असेल तर एका वर्षी एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका, आणि विणीच्या काळात अजिबात नाही. कापलेलं एक-दोन दिवस पाण्यालगत ठेवा, म्हणजे त्यातले जीव पाण्यात परत जातील. मग ते दूर न्या. काठावरच कुजलं तर त्यातलं सगळं खत पुन्हा पाण्यात. जलपर्णी मात्र जेवढी काढाल तेवढी कमी. अनुकूल हवेत ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून वर्षातून एकदा मोठी मोहीम काढण्यापेक्षा दर आठवड्याला दहा जणांनी अर्धा तास काढणं जास्त कामाचं.

पडलेलं खोड पाण्यात असेल तर राहू द्या. खंड्या त्यावर बसतो.

काठाबद्दल मी आग्रही आहे. सुशोभीकरण म्हटलं की पहिल्यांदा उभी सिमेंटची भिंत पुढे येते. उभ्या भिंतीवरून बेडूक चढत नाही, पाणकोंबडीची पिल्लं चढत नाहीत, आणि पाण्यात पडलेलं मूलही चढू शकत नाही. तळ्यातलं सगळ्यात समृद्ध पाणी हे गुडघ्याखालचं असतं, जिथे ऊन तळापर्यंत पोचतं आणि वनस्पती रुजतात. भिंत नेमकं तेवढंच पाणी संपवते. आमच्या तळ्याभोवती अशी भिंत घालायचा प्रस्ताव पाचव्या वर्षी आला. आम्ही घोषणा दिल्या नाहीत. पाच वर्षांच्या वह्या, सात नळांचा नकाशा आणि कातींची संख्या घेऊन गेलो. सोबत आजी, गळवाले काका आणि ती मुलगी. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, हे तर माणसाने खणलेलं तळं, यात निसर्ग कसला? उत्तर तयार होतं. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर शहरात झालेल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही येतात. लंडनमध्ये तर पाणीपुरवठ्याचे चार निरुपयोगी काँक्रीट जलाशय बदलून तिथे पाणथळ केंद्र उभं केलं गेलं, ते २००० साली खुलं झालं. दोन बैठका झाल्या. भिंत फक्त रस्त्याच्या बाजूला झाली, बाकी तिन्ही काठ उताराचे राहिले.

त्या बैठकीत उपयोगी पडल्या त्या तारीखवार नोंदी. म्हणून वहीबरोबर ऑनलाइनही नोंदवा: पक्षी 'ईबर्ड'वर (२००२ पासून चालू आहे), बाकी सगळं 'आयनॅचरलिस्ट'वर (२००८ पासून). फोटो टाकला की ओळखायला जगभरचे जाणकार मदत करतात. मात्र घरट्यांची नेमकी जागा कुठेही टाकू नका.

आणि फळा विसरू नका. काठावर एक साधा फळा, खडू आणि त्या आठवड्याचे चार आकडे. गटात कधीच न येणारी माणसंही तो वाचायला थांबतात. एकदा मी आजारी होते आणि दोन आठवडे फळा कोरा राहिला. परत गेले तर कुणीतरी अनोळखी अक्षरात लिहून ठेवलं होतं, "मंगळवार, खंड्या १, बगळे ४."

उत्तरेची पट्टी आम्ही पुन्हा लावली. मुळांचे तुकडे घोटाभर पाण्यात दीड-दीड फुटांवर रोवले आणि वाट बघितली. चौथ्या वर्षी तिथे टिबुकलीने ढीग रचायला घेतला. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. त्या शनिवारी फळ्यावर एवढंच लिहिलं, "पुढचे पाच आठवडे उत्तरेच्या वाटेवर हळू चाला," आणि सकाळी पळणाऱ्यांनी कारण न विचारता वाट बदलली.